पासंग

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
टार्टूहून साडेनऊची बस टेकडीवर येते
आणि तिच्यातून हेल्दुर सार्नित उतरतो.
वेधशाळेच्या पायऱ्यांवर बूट आपटून बर्फ झटकतो,
डावा दोनदा, उजवा तीनदा.
उजव्या पायाचं वजन, म्हणतो, जरा जास्त भरतं.

माझं काम ताऱ्यांचं नाही.
मी टपाल उघडते,
आणि ज्यांना इथं कुणी भेटत नाही त्यांना भेटते.
माझ्या कपाटात तेरा विश्वं आहेत, फायलींत लावलेली.
नार्वाचा एक दंतवैद्य लिहितो, गुरुत्वाकर्षण म्हणजे काळाचा उतार,
साऱ्या वस्तू उद्याकडे घरंगळतात.
हीयूमा बेटावरची शिक्षिका म्हणते, डार्क मॅटर म्हणजे
शेजारच्या विश्वाची सावली, आपल्या भिंतीला टेकलेली.
अधोरेखनं फार. उद्गारचिन्हं त्याहून फार.

हेल्दुरचं अक्षर पावतीवरचं.
एकतीस वर्षं तो वजनमापांचा निरीक्षक होता;
बंदरावर, हेरिंगच्या पिंपांपाशी,
पारड्याखाली बोट घालून बघायचा.

"तुमच्या दीर्घिका इतक्या वेगानं फिरतात,
दिसतं तेवढंच वजन असतं
तर कडेचे तारे केव्हाच उधळले असते. बरोबर?"
बरोबर.
"काटा जुळेना, म्हणून तुम्ही पाचपट अंधार टाकलात पारड्यात.
आता दिसणारं सगळं त्याच्या पासंगालाही पुरत नाही.
बाई, बाजारात अशांना मी दंड करायचो."

मी कॉफी ओतली.

ओढ नसतेच, असं त्याचं म्हणणं.
चहूबाजूंनी बारीक कणांचा मारा चालू असतो.
दोन वस्तू शेजारी आल्या की एकमेकींच्या आड येतात,
मधला मारा कमी पडतो, बाहेरचा त्यांना ढकलतो.
"वाऱ्यात मेंढ्या बिलगतात, ते काय प्रेमानं?"

या खेपेला माझ्याकडे उत्तर होतं,
वरच्या मजल्यावरच्या त्रीनूनं चिठ्ठीवर लिहून दिलेलं.
मी वाचून दाखवलं:
असा मारा असता तर पृथ्वी तापून लाल झाली असती,
रखडत रखडत सूर्यात पडली असती.
खाली एक आकडा.
त्यानं पेन्सिलीच्या टोकानं त्यातली शून्यं मोजली.
चष्मा काढला. पावाला लोणी लावलं, खाल्लं नाही.
"हे मी मोजलं नव्हतं," म्हणाला.

मग, बऱ्याच वेळानं,
"आणि तुमचा अंधार? सापडला?"
डोंगरांच्या पोटात, गार द्रवाच्या टाक्यांपाशी
माणसं वाट बघत बसलीत, मी सांगितलं.
काहीच नाही अजून.
"किती वर्षं?"
मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून.
तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.
"शून्य आलं तरी नोंद करायची," म्हणाला. "तारीख घालून. सही करून."

पुढच्या गुरुवारी तो येणार नाही, अशी माझी खात्री.
साडेनऊला पायऱ्यांवर आवाज: दोनदा, तीनदा.

यावेळी कागद नव्हते. लाकडी पेटी होती,
आत निळ्या मखमलीत पितळी वजनं,
पाचशे ग्रॅमपासून ओळीनं लहान होत गेलेली,
आणि मध्ये एक गोल खळगा, रिकामा.
"देश बदलला त्या आठवड्यात, खातं हलवताना हरवलं.
आकार बघा, खोली बघा. वीस ग्रॅमचं.
मी शपथेवर सांगेन. दाखवू मात्र शकणार नाही."
मी खळग्यात बोट घातलं.
मखमल तिथं वेगळी होती, कमी विटलेली.

"म्हणजे तुमचं असेलही," तो म्हणाला,
कोर्टात दंड परत करावा तसा, नाखुशीनं.

पेटी माझ्या टेबलावर ठेवली, पावती मागितली, मी दिली.
बस सुटायला सहा मिनिटं होती.
टोपी घालून तो दारापर्यंत गेला आणि थबकला.

"पण ते कण जर
तापवतच नसतील, तर?"