सतरा मिनिटं

चार नंबरची बस वाचनालयापाशी संपते.
परत फिरण्याआधी सतरा मिनिटं असतात माझी,
कंपनीने दिलेली.
लुलेओत जानेवारीत दुपारी दोनलाच दिवे लागतात,
आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी लघवी थांबत नाही,
म्हणून आत गेलो. पुस्तकांसाठी नव्हे.

मुतारीच्या दाराशी रेडिएटर,
रेडिएटरला टेकून एक कपाट, वर पाटी: स्पॅनिश.
एकतीस पुस्तकं. हात शेकता शेकता मोजली.
त्यातलं सगळ्यात बारीक उचललं,
पाठकोऱ्या तिकिटाएवढं हलकं,
कुठल्याशा बंदरात छापलेलं,
जिथे घरांपर्यंत रस्ते जात नाहीत, जिने जातात.
एवढं चित्रावरून कळलं.

आधी आवडलं ते त्यांचं प्रश्नचिन्ह.
वाक्याच्या तोंडाशीच उलटं टांगलेलं,
की बाबा, पुढे प्रश्न येतोय, सावध.
तीस वर्षं नव्या ड्रायव्हरांना मी हेच शिकवतोय:
वळल्यावर नाही, वळायच्या आधी इंडिकेटर.
आम्ही इथले लोक वाक्य संपेपर्यंत
समोरच्याला कळू देत नाही,
विचारतोय की सांगतोय.

समासात पेन्सिलीचं अक्षर होतं.
कोणीतरी शब्दाशब्दापुढे
स्वीडिश शब्द लिहून ठेवलेला,
कानाला ऐकू आला तसा, अशुद्ध.
जिना. मासळी. भाड्याची खोली. लाज. दव.
इंगेगर्ड काउंटरवरून म्हणाली,
ती ओतिलिया वेनेगासची पुस्तकं.
चिलीहून आलेली, चौऱ्याहत्तर साली,
इस्पितळाच्या धुलाईत होती.
आपली भाषा शिकत होती ती त्यातून.

म्हणजे तिने तिकडून इकडे खणलेल्या बोगद्यातून
मी उलटा निघालो होतो, रांगत,
दिवसाला सतरा मिनिटं.

मार्चपर्यंत मला स्पॅनिशमध्ये मासळी घेता आली असती,
घरभाड्यावरून भांडताही.
माफी मागणं अजून जमत नव्हतं.

मग एक दिवस ‘बुएनास’ आलं.
पुढे तिचं अक्षर: नमस्काराचा आमचा शब्द, एक अक्षर गाळलेला.
मी खाली बसलो.
इस्पितळाच्या थांब्यावर एक बाई चढायची,
जांभळी टोपी, काखेत थर्मास,
पायरीवर पाय ठेवला की म्हणायची, बुएनास.
मला वाटायचं, आडनाव सांगते आहे.
असेल त्यांच्यात रीत.
म्हणून मीही मान हलवून म्हणायचो, लुंडमार्क.
एकोणीस वर्षं.
ती हसायची.
मला वाटायचं, थंडीने तोंड तसं झालंय.

अठ्ठेचाळीसाव्या पानावर पेन्सिल थांबते.
शेवटचा शब्द, एस्त्रेनार.
कोशात त्याला सबंध ओळ लागते:
नवी वस्तू पहिल्यांदा वापरणे,
कोऱ्या कापडाची घडी मोडणे.
आमच्याकडे एवढ्यासाठी वेगळा शब्द ठेवलेला नाही.
तिलाही सापडला नसावा.
समासात नुसतं उलटं प्रश्नचिन्ह,
उघडलेलं. मिटलेलं नाही.

त्यापुढची पानं जोडलेलीच होती,
छापखान्यातून आली तशी, कडेला न कापलेली.
का कापली नाहीत, ते इंगेगर्डला ठाऊक नाही.
मी दोनदा विचारलं.
तिसऱ्यांदा तिने खणातून लोण्याची सुरी काढली,
पुसली, मूठ माझ्याकडे करून दिली.
नियमात बसत नाही, म्हणाली,
आणि खिडकीतून बसकडे बघत राहिली.

कागद हळूहळू सुटत गेला.
पिवळा भुसा मांडीवर पडला, युनिफॉर्मवर.
एकोणपन्नासावं पान
छापल्यापासून कोणी पाहिलेलं नव्हतं.
पहिलाच शब्द मला येत नव्हता
आणि समास पांढरा होता.

बस तीन मिनिटं उशिरा सुटली.
नोंदवहीत कारण लिहिलं: बर्फ.
एप्रिल संपत आला होता, रस्ता कोरडा होता.