शेपूट

मी शेवटी असतो. क्लबात ह्याला शेपूट म्हणतात.
पुढे विभावरी गुर्जर, तिला वाट पाठ,
मध्ये तेरा जणांची धाप,
आणि मागे मी: पंप, तीन ट्यूब, चेन जोडायचा पाना,
आयोडीन, खजुराचा चेपलेला डबा.
काम एकच.
माझ्या मागे कुणी उरता कामा नये.

सव्वासहा. आरेचे तबेले जागे,
दुधाचे कॅन एकमेकांवर आपटतायत.
शेणाच्या वासाला फेब्रुवारीत ऊब असते.
डांबर संपतं तिथे विभावरी हात वर करते
आणि आम्ही एकामागोमाग
घाणेरीच्या बोगद्यात शिरतो, माना खाली.

वाटांना नावं आम्हीच दिलीत:
म्हशीची पाठ, पोस्टमन, खालचा दाताड्या.
वाटा मात्र आमच्या नाहीत.
पाड्यावरच्या बायका मोळ्या घेऊन समोरून येतात
तेव्हा पंधराही जण उतरून काट्यांत उभे राहतो,
आणि त्यातली एक, दर रविवारी तीच, विचारते,
"एवढी महाग, नि ढकलायची?"

आज एक नवा आहे. जयेंद्र तांडेल.
मरोळात पार्सलं पोचवतो,
भावाची सायकल घेऊन आलाय, सीट चार बोटं वर.
ती मी खाली केली. टायरची हवा थोडी सोडली,
दगडाला जरा बिलगू दे म्हटलं.
बाकीचं सगळे मिळून शिकवत होते, एकाच वेळी:
ब्रेकवर दोनच बोटं! चढ दिसताच गियर,
चढ लागल्यावर चेन रडते!
उतारावर ढुंगण मागे, अजून मागे, लाजू नकोस!
आणि कोरगावकर, बेस्टमधून निवृत्त, शिट्टीसारखा आवाज:
"दगडाकडे बघू नको रे. नजर जिथे, चाक तिथे."

तो दगडाकडेच बघायचा.
उंबराच्या मुळांवर एकदा पडला,
नाल्याच्या वाळूत एकदा,
आणि तिसऱ्यांदा उभ्या उभ्या, हसता हसता.

आमच्यात रीत आहे:
दिवसात जो शेवटी पडेल, त्याने सगळ्यांना चहा.
कोरगावकरांनी तो कधी पाजलेला नाही.
"अकरा वर्षं," ते कपात फुंकर घालत सांगतात,
"अकरा वर्षं, जमिनीला पाठ नाही."
आणि आम्ही दर वेळी ऐकून घेतो.

मोरीपाशी थांबलो. जयेंद्रने मोबाइल काढला,
काहीतरी बघितलं, परत खिशात ठेवला.
"आपण किती जण असतो?"
"पंधरा."
"पंधरा," तो म्हणाला, आणि खरीबिरी, हे अगदी हळू.
कोरगावकर बाजूला बाटलीचं झाकण लावत होते.
बराच वेळ लावत होते.

परतीला सपाट डांबर. टपरी समोर दिसत होती.
कोरगावकर मागे पडत पडत माझ्यापुढे आले,
"गुडघा," म्हणाले, मी काही विचारलं नव्हतं.
मग मी पाहिलं:
आधी नजर गेली, डावीकडच्या गवतात.
मग चाक गेलं.
मग धान्याचं पोतं उतरवावं तसे सगळे कोरगावकर.

काय तो जल्लोष! घंटा, शिट्ट्या,
विभावरी सायकल टाकून पळत आली, फोटो काढायला.
"ऑइल," कोरगावकर ओरडत होते, "रस्त्यावर ऑइल आहे!"
मी उतरून बघितलं.
रस्ता कोरडा होता.
"आहे," मी म्हणालो, "बरंच आहे."

पंधरा कटिंग, अकरा खारी, एक बनमस्का,
तो जयेंद्रने मागितला, नंतर अर्धा वाटला.
कोपर मात्र खरंच सोललं होतं.
आयोडीन लावताना कोरगावकर माझ्याकडे
एकदा रोखून बघून म्हणाले,
"जरा हळू. शेपूट आहेस ना?
हलतोस कशाला एवढा?"

हे सगळं नोव्हेंबरच्या आधी कुणाला सांगायचं नाही
असं मी ठरवलं होतं, आणि आता मे चालू आहे.
जयेंद्र दाताड्या उतरतो, पाय न टेकता.
कोरगावकर अजूनही कपात फुंकर घालतात,
नव्या पोरींना ऐकू जाईल अशी:
"तीन महिने," ते म्हणतात,
"तीन महिने, जमिनीला पाठ नाही."