सिरिकोते

नाक नको लावूस, आधी तळवा लाव,
फिदेन्सिओ म्हणाला.
थंड लागली तर अजून ओली आहे.
ओली म्हणजे खोटारडी:
आज सरळ दिसेल,
पाठ वळलीस की तडकेल.

तिश्कोकोबला, पत्र्याच्या छपराखाली
मी तेरा फळ्या मोजल्या.
टोकांना मेण फासलेलं, मधे पट्ट्या घालून रचलेल्या,
प्रत्येकीवर खडूने साल.
सगळ्यांत जुनी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

रंधा फिरला की आतून काय काय निघतं.
तपकिरीवर काळ्या रेघा,
शाई सांडून कुणी फुंकर मारावी तशा.
इथे कोळ्याचं जाळं,
तिथे डोंगर.
आमच्याकडे तर डोंगरच नाहीत,
हिने कुठे पाहिले?
तो म्हणाला, उलट्या अंगाने रंधू नकोस, ढलपी उडेल.

झाड मात्र दोन्या एलेउतेरियाच्या परसातलं, साधं,
नारिंगी फुलांचं.
पान इतकं खरखरीत की तिचा तवा त्यानेच घासला जातो.
फळीवर शेवटचा हात मीही त्याच पानाचा दिला.
आपलीच पाठ आपणच खाजवावी तसं.
फळं ती राखेच्या पाण्यातून काढून पाकात मुरवते,
आणि बी चोखायला मला बोलावते.

त्या वर्षी मेरिदाहून गिटारवाला आला.
सर्वांत जुनी फळी, आम्ही पातळ केलेली,
त्याने दोन बोटांत लटकवली,
बोटाच्या हाडाने ठोकली, कान लावला.
वाजली.
रिकाम्या रांजणात कुणी हाक मारावी तशी.
पैसे ठरले. गुरुवारी नेणार होता.

बुधवारी रात्री आवाज आला.
एकच, काडी मोडल्यासारखा.
फिदेन्सिओ उठला नाही.
अंधारातच म्हणाला, गेली.

सकाळी चिरेच्या अलीकडे
चार बोटं रुंद तुकडा धड उरला होता.
त्यातून त्याने जाळीचे झोपाळे विणायची सुई कापली,
जीभ कोरली, कडा मऊ केल्या,
आणि काही न बोलता बायकोच्या पुढ्यात ठेवली.
तिने तळहातावर तोलली.
जड आहे, म्हणाली,
आणि दोरा भरायला घेतला.

गिटारवाला आला तेव्हा ती तिसऱ्या ओळीवर होती.
सगळं ऐकून त्याने ती सुईच मागितली,
दोरा लोंबत असलेली,
दोन बोटांत लटकवली, ठोकली.

वाजली नाही.
एलेउतेरियाने हात पुढे केला.
तिची ओळ अर्धी राहिली होती.