माथ्यापासून

टेकडीचं नाव सरकारी नकाशात नाही.
गावात तिला म्हसोडी म्हणतात,
पाठ म्हशीसारखी काळी, उघडी, म्हणून.

योजना आली ती पायथ्याशी:
नाल्यावर सिमेंटचा बंधारा, साक्री रस्त्याला लागून,
साहेब गाडीतून उतरायच्या आधीच दिसेल असा.
मी कृषी सहाय्यक. माझ्याकडे टेप, शिक्का,
आणि मार्च संपायला बावीस दिवस.

कौतिकबाई बांधावर कळण्याची भाकर खात होती.
माझे खुंट बघितले, घास गिळला, म्हणाली,
"घर वरतून गळस, भाऊ,
आनि तू खाले सारवी ऱ्हायना."

शासन निर्णयातही तेच होतं, पान चार:
माथा ते पायथा.
मी वाचलं होतं. परीक्षेसाठी.

प्रस्ताव बदलला. फाईल वर गेली, परत आली:
"तांत्रिक कारण स्पष्ट करावे."
स्पष्ट केलं. परत आली:
"कार्यक्षेत्राचा फोटो जोडावा."
उघड्या म्हसोडीचा फोटो जोडला.
तिसऱ्यांदा नुसती सही होती, निळी, वाकडी.
बंधारा पुढच्या वर्षावर.

मग भिलाटीतल्या सात जणी आणि बुधा
नळीत पाणी भरून पातळी धरत
टेकडीला वळसे घेत गेले.
चुन्याची रेघ, रेघेवर चर.
मुरुमाला दर वेगळा, खडकाला वेगळा,
मी समजावून सांगितलं.
बुधा म्हणाला, पहार तर तीच आहे.

खालच्या वावरांना दगडी बांध घातले.

दिवाळीनंतर गेलो
तर कौतिकबाईच्या बांधाशी वीतभर गाळ.
तिचा नव्हता. तिची माती काळी, हा तांबूस,
वरच्या लोटन आप्पाच्या वावरातला.
आणि आप्पाशी तिचं बोलणं अकरा वर्षं बंद,
हातभर बांधावरून.

तिनं सुनेला हाक मारली. टोपल्या काढल्या.
पहिली कापसाच्या काट्याला लावली:
एकोणीस किलो.
मग काटा ठेवून दिला.
डोक्यावर घेऊन चढली,
आप्पाच्या वावरात ओतली, उतरली.
पुन्हा चढली.
दिवस कलेपर्यंत बेचाळीस.

आप्पा निंबाखाली उभा. बिडी विझलेली.
विसाव्या का एकविसाव्या टोपलीला
त्यानं बैलगाडी जुंपून खाली आणली
आणि तिच्या बांधाशी लावली.
कोणी काही बोललं नाही.
बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी.

मी मोजमाप पुस्तिका उघडली.
लांबी, रुंदी, खोली.
अर्धा घनमीटर आणि वर थोडी.
शेऱ्यात लिहिलं: गाळ मूळ मालकास परत.
वरून येईल आता: "कोणत्या तरतुदीनुसार?"
येऊ दे.

निघताना आप्पा आडवा आला.
त्याच्या वावराला असा बांध घालायचा
तर दगड किती लागतील?
विचारलं मला,
बघत होता खाली,
जिथं ती टोपली झटकत होती.