तर

जलखात्यात मीटर वाचत तेवीस वर्षं काढली, म्हणून असेल,
मला पाण्याचं फारसं काही वाटत नाही.
सुनेत्राला वाटतं.
तिनं एक वही घातली होती, दुरेघी, शाळकरी,
तपकिरी कव्हरावर नाव: व्हेनिस.
आत डाव्या पानावर जर,
उजव्या पानावर तर.

जर या दिवाळीला सोफा बदलला नाही,
तर एका तिकिटाचा एक पाय.
जर भाच्याच्या लग्नात पैठणीऐवजी पाकीट,
तर दोन रात्री.
जर जानेवारीत गेलो, कुणी जात नाही तेव्हा,
तर खोली निम्म्या भावात, पुलाच्या अलीकडच्या गावात,
जिथं कालवा नाही, बस डेपो आहे.

अकरा वर्षांनी गेलो.
बॅगेत मेतकूट, दशम्या, गूळपापडीचा डबा,
आणि खोलीतल्या किटलीत भात होतो का, हा प्रयोग.
(होतो. कणी राहते.)

पहिल्याच पुलावर तिनं छाती भरून श्वास घेतला
आणि वळून म्हणाली,
"अहो, वर्सोवा!"
ओहोटी होती. शेवाळ, चिखल, डिझेल.
मी हसलो,
मग विमानाचं भाडं आठवून जरा कमी हसलो.

गोंडोलाचा दर पाटीवर होता.
ती उभ्या उभ्या भागाकार करू लागली,
मिनिटाला किती, वल्ह्याच्या फटक्याला किती,
आणि मध्येच वही मिटली.
खालून एक होडी गेली, लाल गादीची,
आत एक जोडपं, दोघं आपापल्या फोनमध्ये,
नावाडी मात्र खुल्या गळ्यानं गात होता.
पुलावरून ऐकायला काही पडत नव्हतं.
उरलेलं कडवं गाठायला
आम्ही पुढच्या पुलापर्यंत पळालो,
ती गुडघ्याचा पट्टा सावरत.

मासळीबाजारासमोर तिला ती दिसली.
काळी, साधी, गादी-बिदी नाही,
पिशव्या घेतलेल्या दोन म्हाताऱ्या उभ्याच आत,
या काठावरून त्या काठावर, संपलं.
माणशी दोन युरो.
"ही तर आहे," सुनेत्रा म्हणाली.
मी म्हटलं, तर काय?
"तर हो. मढला जाते तशी. तर."

दीड मिनिट असेल.
मधोमध एका मोठ्या बोटीची लाट आली, फळ्या कलल्या
आणि तिनं माझं कोपर धरलं,
सप्तपदीत हात धरला होता त्याहून घट्ट.
तिकडे काही काम नव्हतं. उतरलो.
ती म्हणाली, "परत."
परत आलो. परत गेलो.
किती वेळा, ते वहीत नाही.
अकरा वर्षांत तेवढाच एक खर्च तिनं मांडला नाही.

आता कुठल्याही रविवारी, ऊन उतरलं की,
वर्सोव्याच्या जेटीवर.
तीन स्कूटरी, बर्फाच्या पेट्या, रिकाम्या टोपल्या,
एक बकरी, तिच्या तिकिटावरून वाद.
टपक्यांचा धनंजय ओळखीचा झालाय.
"वयनी, बसा ना, जागा हाय की."
ती बसत नाही.
पिशवी दोन पावलांत दाबून उभी राहते,
वाऱ्यावर पलीकडच्या सुकटीचा वास,
आणि अजून लाट आलेलीही नसते
तोच माझं कोपर तिच्या मुठीत.

मढला आम्हाला कुणी ओळखीचं नाही.
टपरीवर एक चहा घेतो, दोघांत.
ती बशीत ओतते, मी पेल्यात उरलेला पितो.
समोर पाणी मळकं, हललं तर चमकतं,
दुरून भोंगा वाजतो.
मी विचारतो, आता काय?
पर्स उघडून ती बोटांनी नाणी चाचपते.

"सुट्टे काढा. तर लागलीय."