टिंब

सेलूत तेव्हा पाटी म्हटलं की मुंजाभाऊ.
शिडी माझ्या खांद्यावर, रंगाचे डबे माझ्या हातात,
तो पुढं, कानामागं खारीच्या केसांचा ब्रश,
पट्टीशिवाय ओळ मारणारा.
किराणा दुकानावर 'गूळ' लिहिला तर
त्या 'ळ'खाली माणूस थांबायचा,
काही घ्यायचं नसलं तरी.

मग एका उन्हाळ्यात त्यानं टिंबं देणं सोडलं.
अगणवाडी. आनद हॉटेल. दतवैद्य देसरडा.
मला वाटलं, विसरायलाय.
म्हणलं, भाऊ, टिंब राहिलं.
त्यानं ब्रश रॉकेलात बुडवला, हळूच म्हणाला,
"देऊ नको. वरून बघायलेत ते.
माझंच नाव घ्यायलेत."

टपरीवर माझ्या उस्तादाचा 'मुजाभाऊ' झाला.
पुढं झोप गेली, जेवण गेलं.
एका रात्री त्यानं शाळेच्या भिंतीवरची बाराखडी
चुन्यानं पुसली,
सुरुवात 'अं'पासून केली.

लोक आता मला सांगतात,
वेडातच त्याचा हात खरा चालायचा.
मी होतो तिथं.
वेडात तो खाटेखाली बसला होता तीन दिवस,
आणि त्याची बहीण कौसाबाई दारात,
गार झालेलं ताट घेऊन.
कुठलंही चित्र निघत नव्हतं.

भगत झाला, दर्गा झाला, लिंबं झाली.
मग एका बुधवारी पॅसेंजरनं परभणी.
मानवत रोड, कोल्हा, पेडगाव,
स्टेशनच्या पिवळ्या पाट्या येत होत्या
आणि त्यानं डोळ्यांवर रुमाल बांधलेला.
सिव्हिलचा डॉक्टर पोरगेलासा.
काम काय करता, विचारलं.
तेव्हा आठ दिवसांनी तोंड उघडलं:
"अक्षर."

गोळ्यांनी टिंबं गप्प झाली.
एकदम नाही. एकेक करून,
लग्नाचा मांडव उठतो तशी.
पण हात कापू लागला.
कपातला चहा बशीत यायच्या आधी शर्टावर.
डॉक्टर म्हणाला, डोस कमी करून बघू.
"राहू द्या," मुंजाभाऊ म्हणाला,
"कापणारा हात माझाच हाय.
ते बोलणारं माझं नव्हतं."

दिवाळीच्या तोंडावर तो माझ्या दुकानात आला.
तोवर मी कर्ज काढून फ्लेक्सची मशीन घेतली होती.
सरपंचाचा वाढदिवस सरसर बाहेर येत होता,
मी उगाच आवाज कमी करायला गेलो.
त्याला तर आवाज नकोच असतो.
"शिडी हाय का?"
होती. कोळ्याच्या जाळ्यात.

त्या दिवशी आम्ही गावभर हिंडलो.
अंगणवाडी. पहिलं टिंब.
चिमणीनं चोच मारलेल्या बोरासारखं आलं.
आनंद हॉटेलवाला गल्ल्यावरून ओरडला,
आता कशाला? पैसे मिळायचे नाहीत!
"उधारी होती माझ्याकडं," मुंजाभाऊ शिडीवरून.
दंतवैद्याची जुनी पाटी गेलेली,
तिथं माझंच फ्लेक्स,
टिंब आयतं, गोल, छापलेलं.
तो खाली उभा राहून बराच वेळ बघत राहिला.
"हे नीट आलंय," म्हणाला.
मी डब्याचं झाकण शोधू लागलो.

रेल्वे गेटापाशी 'येथे थुकू नये'.
इथं द्यायचं का, भाऊ?
तो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा.
"तू दे."
माझं त्याच्याहून वाकडं आलं.

त्याच्या स्वतःच्या पाटीपाशी पोचलो
तेव्हा दिवस बुडला होता, गोळीची वेळ झाली होती.
तिथली दोन्ही टिंबं त्यानंच ब्लेडनं खरवडलेली.
"उद्या," म्हणाला.
ते उद्या अजून आलेलं नाही.
मीही विचारत नाही.

महिन्याच्या बुधवारी आम्ही तिघं गाडीत असतो.
कौसाबाई शेंगा सोलते,
तो खिडकीशी, रुमाल खिशात.
परवा मानवत रोडला गाडी थांबली,
पाटीकडं बोट दाखवून म्हणाला,
"कुणी काढलाय रे हा 'ड'?
पोट सुटलंय त्याचं."