दम खा

डॉक्टरांनी फोटो खिडकीला धरला.
मागे बंदरातल्या क्रेन, पुढे माझ्या बरगड्या.
"फुफ्फुसं स्वच्छ आहेत, सेन्योरा ओयार्सुन.
तुम्ही बऱ्या झालात."
मी आभार मानले, पर्स उचलली,
दारापर्यंत गेले
आणि चौकटीला धरून दम खाल्ला.

खाल्ला म्हणायचं फक्त.
आत काही उतरतच नाही.

एकोणीस वर्षं मी या टेकडीवर टपाल वाटलं.
वाल्पाराइसोत असंच आहे, पत्ता म्हणजे पायऱ्या.
माझ्या जिन्याला एकशे चौसष्ट,
मधे तीन वळणं, एक गळका नळ,
पिवळ्या पत्र्याच्या घरापाशी
पस्तिसावी अर्धी तुटलेली;
अंधारातही पाय ती आपोआप ओलांडायचा.
पोटाशी झोळी, ओठांवर शीळ.
अगदी वर, फ्रेसिया मोंदाकाच्या दाराशी पोचेपर्यंत
शीळ तुटायची नाही.

आता मी खाली ऑफिसात बसते,
खणाखणांत पाकिटं टाकते.
साहेब चांगले आहेत. "दम धरा," म्हणतात, "येईल हळूहळू."
नेल्दा, माझी बहीण, म्हणते,
"दोन वर्षं झाली, इस्मेनिया. मनावर घेतलंयस तू."
मनावर?
मन तर रोज सहाच्या ठोक्याला उठून
बूट घालून दारात उभं असतं.
पलंगावर उरते ती मी.

परवा जेवताना तिला म्हटलं, ते दे ना.
"काय?"
ते. लांब दांड्याचं. ज्यानं सूप वाढतात.
ती हसली. मग हसायची थांबली.
पळी.
पळी, पळी, पळी, रात्री अंथरुणात म्हणत राहिले,
पळू पाहणाऱ्या कुत्र्याचा पट्टा
मुठीत आवळून धरावा तशी.

अवघड हे आहे की मी आजारी दिसत नाही.
प्लास्टर नाही, काठी नाही.
उलट गालांवर रंग चढलाय,
सगळे म्हणतात, तब्येत सुधारली.

मंगळवारी एक पाकीट चुकून खणात राहिलं.
निळी शाई, परगावच्या लेकाचं अक्षर,
सगळ्यात वरचं घर.
उद्या गेलं असतं तरी चाललं असतं.
मी कोट घातला.

बाराव्या पायरीवर कान वाजू लागले.
बिगोते कुत्रा मला ओळखून पुढे पळाला,
वळला, खाली आला, पुन्हा वर.
त्याला वाटलं, मी नवा खेळ काढलाय.
पस्तिसावी पाय विसरला.
पाऊल पोकळीत गेलं, कठडा हाती लागला,
पाकीट नाही सोडलं.
त्रेचाळिसावीवर बसले.

एवढी वर्षं समुद्र माझ्या पाठीशी होता.
चढताना तो दिसत नाही,
उतरताना मी पायांकडे बघायची.
आज पाहिला. जहाजं होती, ऊन होतं,
छान होतं सगळं.
पण मला समुद्र नको होता.
मला पत्र द्यायचं होतं.

शाळेतून येणाऱ्या एका पोराला हाक मारली.
त्यानं पाकीट घेतलं आणि दोन-दोन पायऱ्या गिळत निघाला.
मी मोजत राहिले त्याच्या पायांनी
एकशे चौसष्टपर्यंत.

परत आल्यावर म्हणाला,
"आजी विचारत होत्या, जुनी टपालवाली मेली का."
मग काय सांगितलंस?
"म्हटलं, नाही. खाली बसलीय."

मग मी उतरायला निघाले,
कठड्यावर एक हात, बिगोतेच्या पाठीवर एक.
उतरायलाही दम लागतो.
फोटोत ते येत नाही.